ओगेमचे पहिले दिवस: घोडं पेंड कुठे खातंय ते आधी बघा

अवकाशातल्या लढायांचा खेळ म्हणून नाव नोंदवायचं आणि पहिल्या दिवशी समोर यायची मेटलची खाण, तिच्याशेजारी सोलर प्लांट. ओगेममध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा इथे हिरमोड होतो. मग तो घाईघाईने शिपयार्ड बांधतो, पाच-दहा लाइट फायटर (छोटी लढाऊ जहाजं) तयार करतो आणि त्या फायटरांचं करायचं काय, हे त्याला कळत नाही. मी पहिल्या खात्यात नेमकं हेच केलं होतं. दहा लाइट फायटरना ३०,००० मेटल आणि १०,००० क्रिस्टल लागतं. मेटलची खाण शून्यापासून १३व्या लेव्हलपर्यंत न्यायला एकूण २३,००० च्या थोडं वर मेटल आणि ६,००० पेक्षा कमी क्रिस्टल पुरतं, आणि ती खाण पुढे तासाला १,३४६ मेटल देत राहते. फायटर एका रात्रीत फुटू शकतात. खाण हल्ल्यात फुटत नाही. कोणी कितीही मोठा ताफा आणला, तरी तुमची इमारत जागच्या जागी राहते.

म्हणून हा लेख फक्त उत्पादनाबद्दल आहे. २००२ पासून चालू असलेला, जर्मनीतल्या गेमफोर्ज कंपनीचा हा ब्राउझरमधला खेळ आहे. त्यात बरीच भर पडत गेली, पण मेटल, क्रिस्टल, ड्यूटेरियम आणि वीज हा पाया तसाच राहिला आहे. खालचे सगळे आकडे अर्थव्यवस्थेचा वेग १ असलेल्या युनिव्हर्सचे (म्हणजे खेळाच्या एका स्वतंत्र सर्व्हरचे) आहेत. तुमच्या युनिव्हर्सचा वेग ४ असेल, तर तासाचं उत्पादन चौपट धरा. खर्च मात्र तेवढाच राहतो. नवीन असाल तर वर्षानुवर्षं चाललेल्या युनिव्हर्समध्ये जाऊ नका, नुकत्याच उघडलेल्यात जा. शेजारीही तुमच्यासारखेच नवखे असले, की शिकायला उसंत मिळते.

पहिला तास

सुरुवातीला हातात ५०० मेटल आणि ५०० क्रिस्टल असतं. शिवाय खाण नसली तरी ग्रह तासाला ३० मेटल आणि १५ क्रिस्टल आपोआप देतो. ड्यूटेरियम आपोआप मिळत नाही.

ही पाचशेची पुंजी पुढच्या क्रमाने खर्च करा. आधी सोलर प्लांट १ (७५ मेटल, ३० क्रिस्टल), मग मेटल खाण १ (६० आणि १५). त्यानंतर सोलर प्लांट २ (११२ आणि ४५), मग मेटल खाण २ (९० आणि २२) आणि मेटल खाण ३ (१३५ आणि ३३). एकूण ४७२ मेटल गेलं. आता सोलर प्लांट ४८ वीज देतोय आणि मेटल खाण ३ ला ४० लागते, म्हणजे ८ वीज शिल्लक. क्रिस्टल खाणीच्या पहिल्या लेव्हललाच ११ लागते, त्यामुळे ती अजून बांधायची नाही. तासाला १४९ मेटल येतंय आणि सोलर प्लांट ३ ला १६८ हवं, म्हणजे तासाभराच्या आत तो होतो. त्याने वीज ७९ वर जाते. मग क्रिस्टल खाण १ आणि मेटल खाण ४ दोन्ही बसतात आणि ७० वीज वापरली जाते.

हा क्रम पाठ करू नका, त्यातली खोच समजून घ्या. विजेचा आकडा आधी पाहायचा, मग खाणीचा. आणि पहिले काही तास मेटल क्रिस्टलच्या पुढे ठेवायचं, कारण या टप्प्यावर सगळ्याच इमारतींना मेटल जास्त लागतं. खेळ सुरुवातीला छोटी छोटी कामं देतो आणि ती केल्यावर थोडा माल बक्षीस देतो. ती कामं टाळू नका. पहिल्या दिवशी शंभर-दोनशे मेटलनेही फरक पडतो.

साध्या खात्यात एका ग्रहावर एका वेळी एकच इमारत उभी राहते, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी दर दहा-पंधरा मिनिटांनी डोकावावं लागतं. ते तेवढ्या एका दिवसाचंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सकाळ, दुपार, रात्र असं तीनदा पाहिलं तरी पुरतं.

वीज कमी पडली की सगळंच कमी पडतं

नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वीज कमी असली तरी खाण बंद पडत नाही. सगळ्या खाणी त्याच प्रमाणात हळू चालतात. स्क्रीनवर विजेचा आकडा लाल होतो एवढंच, आणि लाल आकड्याकडे आठवडाभर काणाडोळा करणारे खूप पाहिले आहेत.

एक खरंखुरं चित्र घेऊ. मेटल खाण १०, क्रिस्टल खाण ८ आणि ड्यूटेरियम सिंथेसायझर (ड्यूटेरियमची खाण) ५. त्यांना अनुक्रमे २६०, १७२ आणि १६२ म्हणजे एकूण ५९४ वीज लागते. सोलर प्लांट १० हा ५१८ देतो. म्हणजे प्रत्येक खाण ८७ टक्क्यांवर चालतेय. मेटल खाण १० चं पूर्ण उत्पादन तासाला ७७८ आहे, त्यातले शंभर गेले. क्रिस्टलचे ४४ गेले. दिवसाला २,४०० मेटल आणि हजारभर क्रिस्टल असं नुसतं हवेत विरतंय.

कायमचा उपाय म्हणजे सोलर प्लांट ११. त्याला ४,३२४ मेटल आणि १,७२९ क्रिस्टल लागतं आणि वीज ६२७ होते. पण तेवढा माल जमेपर्यंत काय करायचं? रिसोर्स सेटिंग्जच्या पानावर जा. तिथे प्रत्येक खाण किती टक्क्यांवर चालवायची ते ठरवता येतं. सिंथेसायझर ५० टक्क्यांवर आणा. त्याची ८१ वीज सुटली, एकूण गरज ५१३ वर आली आणि मेटल, क्रिस्टल दोन्ही पूर्ण वेगाने चालू लागले. ड्यूटेरियम निम्मं झालं खरं, पण त्या आठवड्यात मोठं संशोधन करायचं नसेल तर हा सौदा फायद्याचाच आहे. सिंथेसायझर त्याच लेव्हलच्या मेटल खाणीच्या दुप्पट वीज खातो, म्हणून विजेची तंगी आली की पहिली कात्री त्यालाच लावायची. सोलर प्लांट पूर्ण झाला की तो पुन्हा १०० टक्क्यांवर न्यायला विसरू नका.

शिपयार्ड झालं की सोलर सॅटेलाइटचा पर्याय दिसू लागतो. एकाला २,००० क्रिस्टल आणि ५०० ड्यूटेरियम. साधारण उबदार ग्रहावर एक सॅटेलाइट ३० च्या आसपास वीज देतो, थंड ग्रहावर त्याहून कमी. सुरुवातीला याच्या नादी लागू नका. सोलर प्लांट १० वरून ११ वर नेला की १०९ वीज वाढते. तेवढ्यासाठी चार सॅटेलाइट लागतील, म्हणजे ८,००० क्रिस्टल. आणि क्रिस्टल ही पुढच्या काही आठवड्यांत तुमची सर्वांत दुर्मीळ चीज असणार आहे. पुढे मात्र पारडं फिरतं. सोलर प्लांट २० ला १,६६,००० मेटल आणि ६६,५०० क्रिस्टल लागून ३६७ वीज वाढते. तीच वीज १३ सॅटेलाइट २६,००० क्रिस्टल आणि ६,५०० ड्यूटेरियममध्ये देतात. दोष एकच. सॅटेलाइट ग्रहावरून हलत नाहीत आणि हल्ल्यात फुटतात. म्हणून सोळाव्या-सतराव्या लेव्हलपर्यंत सोलर प्लांट, त्यानंतर थोडे थोडे सॅटेलाइट, असं मी करतो.

खाणीचा पैसा किती दिवसांत वसूल होतो

खेळाडूंमध्ये मालाची देवाणघेवाण साधारण ३:२:१ या भावाने होते. तीन मेटल बरोबर दोन क्रिस्टल बरोबर एक ड्यूटेरियम. या भावाने क्रिस्टलचं मेटलमध्ये रूपांतर केलं, की कोणतीही खाण किती तासांत आपला खर्च भरून काढते ते काढता येतं.

मेटल खाण ४ वरून ५ वर नेताना ३०३ मेटल आणि ७५ क्रिस्टल जातं, म्हणजे ४१६ मेटलचा खर्च. उत्पादन ६६ ने वाढतं. सहा-साडेसहा तासांत वसूल. ९ वरून १० वर नेताना खर्च ३,१७० आणि वाढ १४१. साडेबावीस तास. १९ वरून २० वर नेताना खर्च १,८३,००० च्या जवळ आणि वाढ ५५०. तेरा-चौदा दिवस. विजेचा खर्च यात धरलेला नाही. तो धरला तर वसुली आणखी लांबते.

दर लेव्हलला खाणीचा खर्च दीडपट होतो, क्रिस्टल खाणीचा तर १.६ पट. उत्पादन मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. या एका गोष्टीतून पुढचे दोन निर्णय आपोआप निघतात. पहिला असा, की तीन खाणींपैकी एकच खूप पुढे नेऊ नये. मागे राहिलेली खाण नेहमी स्वस्तात वाढते. दुसरा, एका ग्रहावर खाणी १५-१६ च्या पुढे गेल्या की नवा ग्रह हा सर्वांत स्वस्त सौदा ठरतो, कारण तिथे तुम्ही पुन्हा सहा तासांत वसूल होणाऱ्या लेव्हलपासून सुरुवात करता.

घोडं पेंड खातं ते क्रिस्टलपाशी

पहिल्या ग्रहावर तुमचं पहिलं मोठं उद्दिष्ट हे पहिली वसाहत, म्हणजे दुसरा ग्रह, असायला हवं. त्यासाठी इम्पल्स ड्राइव्ह ३, एस्पिऑनाज ४, अॅस्ट्रोफिजिक्स १ एवढं संशोधन आणि एक कॉलनी शिप (वसाहत वसवणारं जहाज) लागतं. या चारांचा एकूण खर्च वहीत मांडून पाहा. ३१,००० मेटल, ७१,००० क्रिस्टल आणि २१,२०० ड्यूटेरियम. मेटलच्या दुपटीहून जास्त क्रिस्टल! आणि त्याआधीचे आठ दिवस आपण काय करत होतो? मेटल खाण वाढवत होतो, कारण सुरुवातीला तिचाच फायदा दिसत होता.

माझ्या दुसऱ्या खात्यात मेटल खाण १२ वर होती आणि क्रिस्टल खाण ६ वर. मेटल तासाला १,१५९ येत होतं, म्हणजे ३१,००० मेटल सव्वा दिवसाचं काम. क्रिस्टल तासाला २२७. त्या वेगाने ७१,००० जमायला १३ दिवस. रोज रात्री इम्पल्स ड्राइव्हच्या पानावर जाऊन लाल आकडा पाहायचा आणि परत यायचं, असे चार दिवस गेल्यावर एकदा हिशेब मांडला. क्रिस्टल खाण ६ वरून १० वर न्यायला चार लेव्हल मिळून ७,४५४ मेटल आणि ३,७२७ क्रिस्टल, शिवाय सोलर प्लांटच्या एक-दोन लेव्हल. त्यानंतर क्रिस्टल तासाला ५३३. ७१,००० साठी साडेपाच दिवस. दोन-तीन दिवस थांबून खाण वाढवली असती, तर आठवडा वाचला असता. मेटल तर पडूनच होतं.

म्हणून रोज लॉगिन केल्यावर पहिलं काम एकच. पुढची जी इमारत किंवा संशोधन हवं आहे, त्याचा खर्च पाहा. तीन आकड्यांपैकी कोणता सर्वांत उशिरा भरणार? तीच खाण आधी वाढवा. घोडं जिथे पेंड खातंय तिथेच हात लावायचा. दुसऱ्या खाणी वाढवून फक्त न लागणारा माल वाढतो.

ढोबळ प्रमाण हवं असेल, तर पहिल्या चार-पाच दिवसांत मेटल खाण क्रिस्टलपेक्षा दोन लेव्हल पुढे असू द्या. संशोधनाकडे वळताना हे अंतर कमी करत आणा. सिंथेसायझर क्रिस्टल खाणीच्या दोन-तीन लेव्हल मागे चालतो. ड्यूटेरियम लागतं ते रोबोटिक्स फॅक्टरीला, संशोधनाला आणि जहाजांच्या इंधनाला. सिंथेसायझर ५ झाला की तासाला शंभरच्या आसपास ड्यूटेरियम येऊ लागतं, आणि त्यानंतर रोबोटिक्स परवडते.

रोबोटिक्स, लॅब आणि पहिली कार्गो जहाजं

रोबोटिक्स फॅक्टरी बांधकामाचा वेळ कमी करते. लेव्हल २ असली की वेळ एक तृतीयांश होतो. मेटल खाण १० ला तिच्याशिवाय ६९ मिनिटं लागतात, रोबोटिक्स २ असली तर २३. तिची पहिली लेव्हल ४०० मेटल, १२० क्रिस्टल आणि २०० ड्यूटेरियमची, दुसरी बरोबर दुप्पट. दोनपर्यंत नक्की न्या, कारण त्याशिवाय शिपयार्ड उघडतच नाही. त्यापुढे मात्र घाई नको. बांधकामाचा वेळ तुम्हाला अडवत नाही तोवर रोबोटिक्सवर टाकलेला माल अडकून पडतो. रात्री झोपताना लावलेली इमारत सकाळी उठण्याआधी होत असेल, तर तुम्हाला वेळेची नाही, मालाची कमतरता आहे.

शिपयार्ड २, रिसर्च लॅब १, मग एनर्जी टेक्नॉलॉजी १ आणि कम्बस्टन ड्राइव्ह २. एवढं झालं की स्मॉल कार्गो (माल वाहणारं छोटं जहाज) बनवता येतं. या साखळीला रोबोटिक्स धरून ३,३०० ड्यूटेरियम लागतं, म्हणून तिची तयारी आधीच सुरू करा. लॅब वाढवत असताना संशोधन बंद राहतं आणि शिपयार्ड वाढवत असताना जहाजं बनत नाहीत. लॅबची पुढची लेव्हल लावण्याआधी चालू संशोधन संपू द्या, नाहीतर दोन कामं एकमेकांच्या वाटेत येतात.

स्मॉल कार्गोला २,००० मेटल आणि २,००० क्रिस्टल लागतं आणि त्यात ५,००० माल मावतो. चार-पाच कार्गो असले, की क्रिस्टलच्या तंगीवर दुसरा उपाय हाती येतो. गॅलक्सीच्या पानावर काही नावांपुढे लहान i असतो. तो खेळाडू सात दिवस आलेला नाही. मोठा I असेल तर २८ दिवस. त्यांच्या खाणी मात्र चालूच असतात. एस्पिऑनाज प्रोब (हेरगिरीचं यान) पाठवून पाहा. ताफा शून्य आणि बचाव शून्य असेल, तर नुसते कार्गो पाठवूनही ग्रहावरचा निम्मा माल आणता येतो. २०,००० क्रिस्टल पडलेल्या एका ग्रहावरून १०,००० येतात. वर म्हटलेल्या क्रिस्टल खाण ६ ला तेवढ्यासाठी ४४ तास लागतात. प्रोबचा अहवाल पाहिल्याशिवाय जहाज पाठवू नका, बचावाचा एक रॉकेट लाँचरही कार्गोंचं नुकसान करतो. आणि कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीची एक लेव्हल घ्या (४०० क्रिस्टल, ६०० ड्यूटेरियम). तिच्याशिवाय एका वेळी एकच ताफा बाहेर जाऊ शकतो.

गोदाम भरलं की खाण थांबते

गोदाम बांधलेलं नसताना प्रत्येक मालाची मर्यादा १०,००० असते. ती गाठली की त्या मालाचं उत्पादन थांबतं. मेटल खाण १० असताना रिकामं गोदाम बारा-साडेबारा तासांत भरतं. कामावर जाऊन परत येईपर्यंतचा वेळ तेवढाच. मेटल स्टोरेजची पहिली लेव्हल १,००० मेटलमध्ये होते आणि मर्यादा २०,००० वर जाते. दुसरीला ४०,०००. क्रिस्टल स्टोरेजला १,००० मेटल आणि ५०० क्रिस्टल लागतं.

गोदाम किती बांधायचं याचा माझा नियम असा, की जे सर्वांत महागडं पुढचं काम आहे त्याच्या खर्चाइतकं मावलं पाहिजे, त्याहून जास्त नको. कॉलनी शिपला २०,००० क्रिस्टल लागतं. इम्पल्स ३ ला १६,०००. म्हणजे क्रिस्टल स्टोरेज १ किंवा २ पुरे. मोठं गोदाम म्हणजे माल साठवण्याचा मोह, आणि साठवलेला माल दुसऱ्याला दिसतो.

आपण झोपतो तेव्हा युरोप जागा असतो

हा भाग भारतातून खेळणाऱ्यांसाठी, आणि मला वाटतं सर्वांत गरजेचा. खेळाडू बहुतेक युरोपातले असतात. आपण रात्री ११ ला झोपतो तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात संध्याकाळचे ६:३० आणि उन्हाळ्यात ७:३० वाजलेले असतात. म्हणजे ते कामावरून घरी येऊन संगणकासमोर बसतात, तेव्हा आपण गाढ झोपेत असतो. आपल्या सात-आठ तासांच्या झोपेत त्यांचा खेळण्याचा सगळा मोक्याचा वेळ येतो. युनिव्हर्सची माहिती वाचताना ताफ्यांचा वेगही पाहून ठेवा. तो जितका जास्त, तितकी हल्ल्याची बातमी आणि हल्ला यांच्यातला वेळ कमी.

हल्ल्यात ग्रहावरचा निम्म्यापर्यंत माल जातो. १०,००० मेटल आणि १०,००० क्रिस्टल ठेवून झोपलात, तर समोरच्याला तो निम्मा उचलून न्यायला दोन स्मॉल कार्गो पुरतात, इतका तो सोपा सौदा आहे. त्याने आधी प्रोब पाठवून तुमचं गोदाम पाहिलेलं असतं. प्रोब आला की तुम्हाला संदेश येतो. तो संदेश दिसला, तर त्या रात्री अजिबात माल ठेवू नका.

एकच ग्रह असताना यावर एकच खात्रीचा उपाय आहे. झोपण्याआधी माल खर्च करून टाका. सर्वांत लांब चालणारी इमारत रात्री लावा, दिवसा छोट्या. रात्री ११ ला गोदामात हजार-दोन हजारच उरले, तर तुमच्याकडे यायला इंधन जाळणं कुणालाच परवडत नाही. मोठ्या संशोधनासाठी माल जमवायचाच असेल, तर त्याची वेळ आपल्या सकाळी-दुपारी गाठा. तेव्हा युरोपात मध्यरात्र किंवा सकाळ असते आणि तुम्ही फोनवरूनही लक्ष ठेवू शकता.

वसाहत झाली की आणखी चांगला उपाय मिळतो. उरलेला माल कार्गोमध्ये भरून, सर्वांत कमी वेग निवडून, दुसऱ्या ग्रहाकडे डिप्लॉय करा (म्हणजे तिथे मुक्कामाला पाठवा). ताफा रात्रभर वाटेत राहतो, दोन्ही ग्रह रिकामे दिसतात, आणि सकाळी हवं तर ताफा परत बोलावता येतो. मोहिमेच्या पानावर पोचण्याची वेळ दिसते. ती तुमच्या उठण्याच्या वेळेनंतरची आहे ना, ते नक्की पाहा.

बचावाबद्दल थोडंच सांगतो. रॉकेट लाँचर २,००० मेटलला मिळतो, आणि लढाईत फुटलेल्या बचावातला साधारण ७० टक्के भाग आपोआप दुरुस्त होतो. दहा-पंधरा लाँचर नुसत्या कार्गो घेऊन येणाऱ्याला थांबवतात. मोठ्या ताफ्याला नाही. सुरुवातीला सगळं मेटल त्यावर घालवू नका. चार-पाच दिवसांचं सुट्टीवर जाणं असेल तर व्हेकेशन मोड लावा. त्यात उत्पादन थांबतं, पण हल्लाही होत नाही, आणि तो किमान ४८ तास ठेवावा लागतो.

डार्क मॅटर हे खेळातलं चलन खऱ्या पैशाने विकत घेऊन उत्पादन वाढवता येतं आणि वेळ वाचवता येतो. पहिल्या महिन्यात खिशातला एकही रुपया घालू नका, असं मी मनापासून सांगेन. कोणती खाण कधी वाढवायची हे कळेपर्यंत तो पैसा फक्त चूक लवकर करायला मदत करतो.

पहिली वसाहत कुठे

प्रत्येक सूर्यमालेत १५ जागा असतात. अॅस्ट्रोफिजिक्स १ असताना त्यातल्या ४ ते १२ याच जागा खुल्या असतात. ३ आणि १३ लेव्हल ४ ला उघडतात. मधल्या जागांवर ग्रह मोठे मिळण्याची शक्यता जास्त, आणि प्रत्येक इमारतीची प्रत्येक लेव्हल एक फील्ड (ग्रहावरची बांधकामाची जागा) खाते, त्यामुळे लहान ग्रह पुढे अडवतो. फारच लहान निघाला तर तो सोडून पुन्हा प्रयत्न करायला लाजू नका. सूर्यापासून जितकं दूर, तितकं ड्यूटेरियम जास्त आणि सॅटेलाइटची वीज कमी. पहिल्या वसाहतीसाठी मी ८ च्या आसपासची जागा घेतो, आणि ती शक्यतो आपल्याच सूर्यमालेत किंवा शेजारच्या मालेत, म्हणजे कार्गोचा फेरा लवकर होतो.

वसाहत उभी राहिली की पहिल्याच दिवशी मूळ ग्रहावरून दोन-तीन कार्गो माल पाठवा. तिथे पाचशेच्या पुंजीपासून रांगत जायची गरज नाही. रोबोटिक्स २ आधी, कारण आता वेळ वाचवणं खरंच उपयोगी आहे. त्यानंतर तीच सोलर-मेटल-सोलर-क्रिस्टल अशी चढण. मूळ ग्रहावर एका लेव्हलला लागणारा माल इथे दहा लेव्हल उभ्या करतो.

दुसऱ्या वसाहतीला अॅस्ट्रोफिजिक्स ३ लागतं. लेव्हल २ आणि ३ मिळून १९,००० च्या वर मेटल, ३८,५०० क्रिस्टल आणि १९,००० च्या वर ड्यूटेरियम. पुन्हा क्रिस्टल दुप्पट. त्यावर कॉलनी शिपचे २०,००० क्रिस्टल वेगळे. म्हणून नवा ग्रह मेटलवर उभा राहत असताना, जुन्या ग्रहावरची क्रिस्टल खाण आतापासूनच १४ कडे न्यायला सुरुवात करा.